पत्रा एक, गणितं अनेक

मोटारीच्या बॉनेटखाली, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना, पुढून मागे जाणारे दोन पोकळ पोलादी दांडे असतात. त्यांना साईड मेंबर म्हणतात. गाडी समोरून धडकली की हे दांडे पेटीच्या भात्यासारख्या घड्या पडत चुरगळतात. धडकेतली बरीचशी ऊर्जा त्या चुरगळण्यात खर्ची पडते आणि आत बसलेल्या माणसांपर्यंत पोचत नाही. दांडा किती चुरगळेल, कुठे पहिली घडी पडेल, हे ठरवणं हे क्रॅश इंजिनियरचं काम. गेली चाळीसेक वर्षं ते काम गाडी प्रत्यक्ष भिंतीवर आपटण्याआधी कॉम्प्युटरवर केलं जातं.

हा दांडा बनतो सपाट पत्र्यापासून. पत्रा प्रेसखाली जातो, डाय त्याला आकार देते. आकार घेताना पत्रा सगळीकडे सारखा ताणला जात नाही. कोपऱ्यांवर तो पातळ होतो, काही ठिकाणी थोडा जाडही होतो. शिवाय जिथे ताणला गेला तिथे तो कडक होतो. लोखंडी तार एकदा वाकवून परत सरळ करायला गेलं की वाकलेल्या जागी ती हट्टी झालेली असते, तसंच. म्हणजे प्रेसमधून बाहेर पडलेला दांडा जागोजागी वेगळ्या जाडीचा आणि वेगळ्या ताकदीचा असतो. डाय बनवणाऱ्याला हे नीट माहीत असतं, कारण पत्रा फाटू नये म्हणून त्यानेही आपलं सिम्युलेशन केलेलं असतं. कुठल्या बिंदूवर किती जाडी उरली, हे त्याच्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं.

आणि तरीही अनेक वर्षं क्रॅश इंजिनियर आपलं गणित सुरू करायचा ते ड्रॉइंगवरची जाडी आणि पोलाद कारखान्याच्या तक्त्यातली ताकद घेऊन. सगळीकडे सारखा, कधीच न ताणला गेलेला, कोरा पत्रा. ज्या पत्र्यावर माणसाचा जीव अवलंबून आहे त्याबद्दलची माहिती त्याच कंपनीत, कदाचित त्याच इमारतीत, एका मजल्याच्या अंतरावर होती. ती जिना चढून वर आली नव्हती.

ती का आली नव्हती, याला साठ वर्षांचा इतिहास आहे. ‘सॉफ्टवेअर वेगवेगळी होती म्हणून’ हे उत्तर खोटं नाही, पण पुरेसंही नाही.

आठ रकाने

१९६४ साली नासाने आपल्या केंद्रांमधल्या संरचनाविषयक संशोधनाचा वार्षिक आढावा घेतला. तेव्हा लक्षात आलं की प्रत्येक केंद्र आपापला प्रोग्राम लिहीत बसलं आहे. गणित बहुतेक सारखंच होतं: मोठा सांगाडा छोट्या छोट्या तुकड्यांत वाटायचा, प्रत्येक तुकड्याचं सोपं समीकरण मांडायचं आणि ती हजारो समीकरणं एकत्र सोडवायची. या पद्धतीला रे क्लफ यांनी १९६० साली ‘फायनाईट एलिमेंट’ हे नाव दिलं होतं. पण एका केंद्राचा प्रोग्राम दुसऱ्याच्या कामाचा नव्हता. गॉडार्ड केंद्राच्या टॉमस बटलर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीतून सगळ्यांसाठी एकच प्रोग्राम तयार झाला. त्याचं नाव नॅस्ट्रान. या क्षेत्रातलं सगळ्यात दीर्घायुषी सॉफ्टवेअर जन्मालाच आलं ते ‘सगळ्यांची साधनं वेगवेगळी आहेत’ या तक्रारीतून, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

नॅस्ट्रानला माहिती पुरवायची ती पंचकार्डावरून. कार्डाला ८० रकाने, म्हणून एका ओळीचे आठ-आठ अक्षरांचे दहा कप्पे. जागा इतकी कमी की अक्षर वाचवण्यासाठी एक सवलत दिली गेली: ‘७.८५ गुणिले दहाचा उणे नववा घात’ हे नुसतं ‘७.८५-९’ असं लिहिलं तरी चालेल. पंचकार्डं गेली, कार्ड वाचणारी यंत्रं भंगारात गेली, पण आठ अक्षरांचे कप्पे आजही नॅस्ट्रानच्या फाईलमध्ये आहेत. पहिल्यांदाच ही फाईल वाचणारा प्रोग्राम लिहिणाऱ्याला ते ‘७.८५-९’ वजाबाकीसारखं दिसतं.

हा आकडा मी उगाच निवडलेला नाही. ही पोलादाची घनता आहे. आपण शाळेत ती ७८५० किलो प्रति घनमीटर अशी शिकलेलो असतो. पण मोटार उद्योगात लांबी मिलिमीटरमध्ये आणि बल न्यूटनमध्ये मोजतात. मग समीकरणं जुळायला वस्तुमान टनात धरावं लागतं आणि घनता होते ०.००००००००७८५ टन प्रति घन मिलिमीटर. नॅस्ट्रानला यातलं काही माहीत नसतं. त्याच्या लेखी एकक नावाची गोष्टच नाही, फक्त आकडे आहेत. एककं इंजिनियरच्या डोक्यात असतात. मिलिमीटरच्या मॉडेलमध्ये कुणी ७८५० लिहिलं, तर वस्तुमान एक लाख कोटी पट होईल आणि प्रोग्राम निमूटपणे उत्तर देईल.

इतकी मोठी चूक लगेच पकडली जाते. घात करतात त्या लहान चुका. १९९९मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी नष्ट झालं, कारण जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर पाउंड-सेकंदात आकडे देत होतं आणि ते घेणारं सॉफ्टवेअर त्यांना न्यूटन-सेकंद समजत होतं. फरक साधारण साडेचार पटींचा. फाईल व्यवस्थित उघडत होती, आकडे व्यवस्थित वाचले जात होते.

काळ वाहतो की उड्या मारतो?

हे झालं वस्तूच्या गणिताचं घराणं. त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये शेफील्डला दुसरंच घराणं सुरू झालं होतं. युनायटेड स्टील कंपनीज या पोलाद उद्योगात काम करणाऱ्या के. डी. टॉचर यांना एका पत्र्याचं नव्हे, आख्ख्या कारखान्याचं वागणं समजून घ्यायचं होतं. भट्टी कधी रिकामी होते, क्रेन कधी अडकते, कुठे माल साचतो. त्यांनी १९६०च्या आसपास ‘जनरल सिम्युलेशन प्रोग्राम’ तयार केला. सिम्युलेशनसाठीच्या अगदी पहिल्या भाषांमध्ये त्याची गणना होते. त्यात यंत्र म्हणजे वजन, जाडी, ताकद असलेली वस्तू नव्हे. यंत्र म्हणजे अवस्था: चालू, रिकामं, अनुपलब्ध, बिघडलेलं.

टॉचर यांच्या जगात काळ वाहत नाही, तो उड्या मारतो. दहा वाजता भट्टी भरली, दहा चाळीसला रिकामी झाली. मधल्या चाळीस मिनिटांत गणिताच्या दृष्टीने काहीच घडत नाही, म्हणून प्रोग्राम थेट दहा चाळीसवर जातो. क्रॅशच्या गणितात याच्या नेमकं उलट असतं. तिथे आख्खी धडक सेकंदाच्या दहाव्या भागात आटोपते आणि कॉम्प्युटर तिचे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढे किंवा त्याहूनही लहान तुकडे पाडून एकेक पाऊल पुढे सरकतो. आणि स्थिर भाराच्या साध्या गणितात काळ नसतोच.

मग ‘या तीन सिम्युलेशनमधला डेटा एकत्र करा’ असं कुणी सांगितलं, तर सगळ्यात आधी विचारायला हवं की कुणाचा काळ खरा धरायचा. हा प्रश्न फाईलच्या स्वरूपाचा नाही. सिम्युलेशन करणं म्हणजे खऱ्या वस्तूतलं काय विसरायचं हे ठरवणं. टॉचर पोलादाची ताकद विसरले, कारण त्यांना रांगा मोजायच्या होत्या. क्रॅशवाला प्रेस विसरला, कारण त्याला घड्या मोजायच्या होत्या. प्रत्येकाचं विसरणं त्याच्या कामापुरतं योग्यच होतं. अडचण सुरू होते ती एकाने विसरलेली गोष्ट दुसऱ्याला हवी असते तेव्हा.

तटस्थ भाषेचा शोध

तिसरं घराणं आकाराचं, म्हणजे कॅडचं. सत्तरच्या दशकात ड्रॉइंग बोर्डाच्या जागी कॅड यंत्रणा येऊ लागल्या. कॉम्प्युटरव्हिजन, ॲप्लिकॉन, गर्बर असे विक्रेते होते आणि प्रत्येकाची फाईल वेगळी होती. १९७९च्या सप्टेंबरात अमेरिकन हवाई दलाच्या उत्पादन-आधुनिकीकरण कार्यक्रमाची एक बैठक भरली होती. तिथे जनरल इलेक्ट्रिकच्या एका वैतागलेल्या माणसाने मंचावर बसलेल्या विक्रेत्यांना भर सभेत आव्हान दिलं: तुमच्या यंत्रणांना एकमेकांशी बोलता येईल अशी सोय करा. विक्रेत्यांना ते सरळ नाकारणंही अवघड होतं, कारण समोर बसलेले सगळे त्यांचे मोठे गिऱ्हाईक होते.

पुढचं काम आश्चर्य वाटावं इतक्या वेगाने झालं. बोईंग आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी आपापल्या कारखान्यांत अंतर्गत वापरासाठी केलेलं काम देऊ केलं, नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने समन्वय केला आणि जानेवारी १९८०मध्ये ‘आयजेस’ची पहिली आवृत्ती छापून तयार होती. १९८१मध्ये ती अमेरिकेच्या राष्ट्रीय मानकात आली.

कल्पना साधी होती. दहा यंत्रणा असतील आणि प्रत्येकीला दुसऱ्या प्रत्येकीशी थेट बोलायचं असेल, तर नव्वद भाषांतरकार लागतात. मध्ये एक तटस्थ भाषा ठेवली, तर वीस पुरतात: प्रत्येकीला एक लिहिणारा, एक वाचणारा. आयजेसमध्ये प्रत्येक आकाराला क्रमांक होता. सरळ रेषा ११०, वर्तुळाचा कंस १००. फाईल अर्थातच ८० रकान्यांची, आणि शब्द लिहायचा तर आधी अक्षरांची संख्या, मग ‘एच’, मग शब्द. हा ‘एच’ हॉलरिथ यांचा, म्हणजे १८९०च्या अमेरिकन जनगणनेसाठी पंचकार्डाचं यंत्र बनवणाऱ्या हर्मन हॉलरिथ यांचा.

आयजेस चाललं, आणि फसलंही. मानकात आकारांची यादी लांबलचक होती. प्रत्येक विक्रेत्याने त्यातला आपल्याला सोयीचा भाग उचलला. एकच वक्र रेषा चार प्रकारे लिहिता येत असे आणि प्रत्येकाचा प्रकार वेगळा. धंद्यात याला ‘फ्लेव्हर’ म्हणू लागले: ही अमक्याच्या चवीची आयजेस, ती तमक्याच्या. तटस्थ भाषेच्याही बोली तयार झाल्या.

त्याहून खोल अडचण होती ती ‘जवळ’ या शब्दाची. दोन पृष्ठभाग एका कडेवर जुळतात, म्हणजे त्यांच्यात किती अंतर चालेल? एक यंत्रणा म्हणते मिलिमीटरचा शंभरावा भाग, दुसरी म्हणते हजारावा. पहिलीत बंद असलेली पेटी दुसरीत नेली की तिला चिरा पडतात. आकार नुसता पाहायचा असेल तर त्या चिरा दिसतही नाहीत. पण सिम्युलेशनसाठी त्या आकारावर जाळी, म्हणजे मेश, विणायची असते आणि जाळीच्या दृष्टीने ती पेटी आता पेटीच उरलेली नसते. मग कुणीतरी बसून एकेक चीर बुजवतो. या कामाला ‘जॉमेट्री क्लीनअप’ असं स्वच्छ नाव आहे.

युरोपने आपापले मार्ग काढले. फ्रान्समध्ये एरोस्पासियाल या विमान कंपनीने ‘सेट’ नावाचं स्वरूप काढलं, जर्मन मोटार उद्योगाने पृष्ठभागांसाठी ‘व्हीडीए-एफएस’. १९८४मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेत या सगळ्यांच्या जागी एकच मानक आणायचं काम सुरू झालं: आयएसओ १०३०३, बोलीभाषेत ‘स्टेप’. यावेळी नुसते आकार नाही, तर वस्तूबद्दलचं सगळं ज्ञान लिहायचं होतं. भाग कशाचा, कुठल्या आवृत्तीचा, कुणी मंजूर केलेला. त्यासाठी ‘एक्सप्रेस’ नावाची स्वतंत्र भाषा तयार केली गेली. पहिले भाग प्रसिद्ध व्हायला १९९४ साल उजाडलं. आयजेसला काही महिने लागले होते, स्टेपला दहा वर्षं. सगळं ज्ञान लिहायचं, तर आधी सगळ्यांचं एकमत व्हावं लागतं.

एकमत होईपर्यंत किती खर्च होत होता, याचा एक अंदाज उपलब्ध आहे. १९९९मध्ये अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने करून घेतलेल्या अभ्यासानुसार, एकट्या अमेरिकी मोटार उद्योगाच्या पुरवठा साखळीत डेटा नीट न जुळण्याची किंमत वर्षाला किमान १ अब्ज डॉलर होती. त्यातला मोठा वाटा आलेल्या फाईली दुरुस्त करण्याचा आणि मुळात अस्तित्वात असलेली माहिती पुन्हा हाताने भरण्याचा होता.

तूलूझच्या तारा

एवढं होऊनही काय होऊ शकतं, हे २००६मध्ये जगाने पाहिलं. एअरबसचं ए३८० हे दुमजली विमान एप्रिल २००५मध्ये उडालं होतं. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर तारा. धडाचे पुढचे आणि मागचे भाग जर्मनीत हॅम्बुर्गला सजवून तूलूझला जोडणीसाठी येत. तिथे लक्षात आलं की तारांचे जुडगे जागेवर बसत नाहीत. कुठे लांबी पुरत नव्हती, कुठे वळण जमत नव्हतं.

फ्रान्स आणि ब्रिटनमधले कारखाने कॅटिया या सॉफ्टवेअरची पाचवी आवृत्ती वापरत होते, जर्मनी आणि स्पेनमधले चौथी. पाचवी म्हणजे चौथीची सुधारित आवृत्ती नव्हे, ती नव्याने लिहिलेली होती. दोन्हींचं नाव एक, विक्रेता एक, आणि तरीही एका बाजूला केलेले बदल दुसऱ्या बाजूच्या डिजिटल विमानात नीट उतरत नव्हते. त्यात काही तारा तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या होत्या, आणि त्यांना वळवण्याचे नियम वेगळे असतात.

जून २००६मध्ये उशीर जाहीर झाला तेव्हा एअरबसच्या पालक कंपनीचा शेअर एका दिवसात सुमारे २६ टक्के कोसळला. सह-मुख्याधिकारी नोएल फोर्जार आणि एअरबसचे प्रमुख गुस्ताव हुंबेर्ट यांना जुलैत पायउतार व्हावं लागलं. ऑक्टोबरपर्यंत एकूण उशीर जवळपास दोन वर्षांवर गेला आणि २०१०पर्यंतच्या नफ्यात ४.८ अब्ज युरोंची घट होईल असं कंपनीने सांगितलं. फेब्रुवारी २००७मध्ये जाहीर झालेल्या ‘पॉवर ८’ या पुनर्रचनेत १०,००० नोकऱ्या कमी करायचं ठरलं. दरम्यान हॅम्बुर्गहून शेकडो कामगार तूलूझला गेले होते आणि विमानांच्या पोटात बसून हाताने तारा बसवत होते.

खापर नुसत्या आवृत्त्यांवर फोडणं सोपं आहे, पण त्याने इतिहास पुरा होत नाही. एअरबस ही मुळात चार देशांतल्या चार कंपन्यांची आघाडी, २००१मध्ये एकत्रित कंपनी झालेली. प्रत्येक कारखान्याने आपली साधनं, आपल्या पद्धती आणि आपला मान जपला होता. सगळ्यांनी एकाच आवृत्तीवर यायचं, तर कुणीतरी आपली मोडून दुसऱ्याची स्वीकारायला हवी होती, आणि तसा आदेश देण्याएवढं वजन कुणाकडे नव्हतं. डेटा जुळत नव्हता, कारण माणसं जुळलेली नव्हती. सॉफ्टवेअरने ते फक्त दोन वर्षं झाकून ठेवलं होतं. दोन्ही बाजूंच्या पडद्यांवर विमान पूर्ण दिसत होतं.

जिना चढताना

आता परत पत्र्याकडे. धडकेचं गणित करणाऱ्या प्रोग्रामांचा एक महत्त्वाचा पूर्वज म्हणजे अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतला ‘डायना-३डी’. जॉन हॉलक्विस्ट यांनी तो १९७६मध्ये अण्वस्त्रांवरच्या आघातांचा अभ्यास करण्यासाठी लिहिला. तो पुढे खुला झाला, मोटार उद्योगाने उचलला आणि १९८७मध्ये हॉलक्विस्ट यांनी स्वतःची कंपनी काढली. पत्रा दाबण्याच्या गणिताची साधनं वेगळ्या वाटेने वाढली. त्यातलं नावाजलेलं ऑटोफॉर्म स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिकच्या तंत्रविद्यापीठातून बाहेर पडलं.

डायवाल्याची जाळी बारीक असते. जिथे पत्रा जास्त वाकतो तिथे ती आपोआप आणखी बारीक होते. क्रॅशवाल्याची जाळी जाड असते, साधारण पाच मिलिमीटरचे चौकोन, कारण त्याला आख्खी गाडी मोजायची आहे आणि निकाल सकाळपर्यंत हवा आहे. शिवाय डायवाल्याचा पत्रा प्रेसमध्ये आडवा पडलेला असतो, क्रॅशवाल्याचा गाडीत उभा. म्हणजे आधी एक आकार फिरवून दुसऱ्यावर बसवायचा. मग जाड जाळीतल्या प्रत्येक चौकोनासाठी बारीक जाळीतले जवळचे बिंदू शोधायचे. मग त्यांच्या जाडीची आणि ताणाची काहीतरी सरासरी काढायची. या कामाला मॅपिंग म्हणतात.

‘काहीतरी सरासरी’ या दोन शब्दांत सगळी गोम आहे. कोपऱ्यावरची सगळ्यात पातळ जागा दोन मिलिमीटर रुंद असेल, तर पाच मिलिमीटरच्या चौकोनात ती पुसट होऊन जाते. पत्रा नेमका तिथेच फाटणार असेल तर? उलट सगळ्यात वाईट आकडा घ्यायचा ठरवलं, तर दांडा आहे त्याहून दुबळा दिसतो आणि गाडीत विनाकारण वजन वाढतं. यापैकी काय करायचं हे कुठलंही फाईल स्वरूप सांगू शकत नाही. ते दोन्ही गणितं समजणाऱ्या माणसाने ठरवायचं असतं, आणि काय ठरवलं ते पुढच्या माणसासाठी लिहून ठेवायचं असतं.

लिहून ठेवायला जागा असावी, या गरजेतून जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या पुढाकाराने २०१७ ते २०२० या काळात ‘व्हीमॅप’ हा युरोपीय प्रकल्प झाला. त्यात साध्या वाटणाऱ्या गोष्टींवर भर आहे: आकडा कुठल्या एककात, कुठल्या अक्षांच्या संदर्भात, चौकोनाच्या आतल्या कुठल्या बिंदूवरचा. कारण दोन प्रोग्राम एकाच चौकोनातल्या चार बिंदूंना वेगळ्या क्रमाने मोजतात. पहिल्याचा तीन नंबर दुसऱ्याचा चार नंबर असतो. फाईल उघडते, चित्रही रंगीत दिसतं, फक्त ताण शेजारच्या घरात राहायला गेलेला असतो.

कमी मागणारा करार

या इतिहासात मला सगळ्यात शहाणी वाटते ती एफएमआयची गोष्ट. २००८मध्ये ‘मॉडेलिसार’ नावाचा युरोपीय प्रकल्प सुरू झाला. त्यामागची निकड डाइमलरची होती. गाडी एका कंपनीची असली, तरी गिअरबॉक्स दुसऱ्याचा, ब्रेकचं नियंत्रण तिसऱ्याचं. प्रत्येकाकडे आपल्या भागाचं सिम्युलेशन असतं, आणि ते उघडून दाखवायची कुणाचीच तयारी नसते. त्यात त्यांचं व्यवसायाचं गुपित असतं.

स्टेपने विचारलं होतं, ‘तुला वस्तूबद्दल काय काय माहीत आहे, सगळं सांग.’ एफएमआयने हा प्रश्नच सोडून दिला. त्याने फक्त एवढं विचारलं: तुला बाहेरून काय लागतं, तू बाहेर काय देतोस, आणि मी ‘इतक्या वेळाने पुढे सरक’ म्हटलं तर सरकशील का? आत कसं करतोस ते तुझं तुझ्यापाशी. पुरवठादार आपलं मॉडेल एका झिप फाईलमध्ये बंद करून देतो. आत चालवता येईल असा प्रोग्राम आणि एक यादी: आत येणारी, बाहेर जाणारी राशी, त्यांची नावं. पहिली आवृत्ती २०१०मध्ये आली, दुसरी २०१४मध्ये. दुसऱ्या आवृत्तीत एककं किलो, मीटर, सेकंद अशा मूळ एककांच्या घातांमध्ये लिहिण्याची पद्धतशीर सोय आहे. नॅस्ट्रानने इंजिनियरच्या डोक्यात ठेवलेली गोष्ट अशी पन्नास वर्षांनी फाईलमध्ये आली. तीही ऐच्छिक आहे. भरली नाही, तरी फाईल चालते.

कमी मागितलं म्हणून ते पसरलं. विक्रेत्यांना आपलं गुपित सोडावं लागलं नाही, पुरवठादारांना आपलं साधन बदलावं लागलं नाही. पण न विचारलेल्या प्रश्नांची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. दोन बंद डबे एकत्र चालवले की ते ठरलेल्या क्षणांनाच भेटतात. मधल्या काळात शेजाऱ्याकडे काय चाललंय याचा प्रत्येक जण अंदाज बांधतो. भेटी फार लांबल्या की अंदाज चुकत जातात. मग कधी नसलेली ऊर्जा गणितात उगवते, कधी स्थिर असलेलं यंत्र थरथरायला लागतं. डबा बंद असल्यामुळे चूक कुणाच्या आत आहे ते दिसत नाही. गुपित राखण्याची सोय आणि चूक शोधण्याची सोय एकाच वेळी मिळत नाही.

शिवाय पत्र्याच्या लाखो बिंदूंवरची जाडी वाहून न्यायला एफएमआय बनलेलंच नाही, ते व्हीमॅपचं काम. कारखान्यातल्या रांगांच्या गणितासाठी निस्टने पुढाकार घेऊन २०१०मध्ये वेगळंच मानक आणलं, त्याचं नाव सीएमएसडी. २०२२मध्ये आलेल्या एफएमआयच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘क्लॉक’ची सोय झाली, त्यामुळे टॉचर यांचा उड्या मारणारा काळ आणि वाहणारा काळ निदान एका करारात आले. पण सगळ्यांसाठी एकच भाषा आजही नाही, आणि इतिहास पाहता ती येईल असं मला वाटत नाही.

भाषांतराचं काम

या इतिहासाचा एक पदर पुण्यातून जातो. गोदरेज समूहातून निघालेल्या जिओमेट्रिक या कंपनीने कॅडच्या क्षेत्रात बरंच काम केलं, आणि कॅटिया बनवणाऱ्या दासो सिस्टिम्सबरोबर तिचा ३डी पीएलएम हा भागीदारीतला उद्योग पुण्यात उभा राहिला. त्याच्या आजूबाजूला शेकड्याने छोटेमोठे गट वाढले. मेकॅनिकलची पदवी आणि सॉफ्टवेअरची नोकरी असलेले माझ्यासारखे अनेक जण आज यातच आहेत. बाहेरून आम्हाला आयटीवाले म्हणतात. प्रत्यक्षात दिवसाचा मोठा भाग चिरा बुजवण्यात, जाळ्या विणण्यात, एका सॉफ्टवेअरचे आकडे दुसऱ्यात बसवण्यात जातो. जर्मनीतल्या गाडीचा पत्रा जिना चढतो तो अनेकदा हिंजवडीमार्गे.

हे भाषांतराचं काम आहे, आणि भाषांतरकाराचं जे होतं तेच इथेही होतं. नीट जमलं तर कुणाला दिसत नाही. अंतिम अहवालात गाडीचं नाव असतं, सॉफ्टवेअरचं असतं, आवृत्ती असते. सरासरी घ्यायची की सगळ्यात वाईट आकडा, हे ठरवणाऱ्याचा उल्लेख क्वचित असतो. काम ‘डेटा कन्व्हर्जन’ या नावाखाली तासाच्या दराने मोजलं जातं, आणि जे तासाच्या दराने मोजलं जातं त्यात विचार करण्याचे तास धरलेले नसतात.

सध्या ‘डिजिटल ट्विन’ या शब्दाचा बाजार जोरात आहे. प्रत्येक वस्तूचा, प्रत्येक कारखान्याचा कॉम्प्युटरमध्ये एक जुळा भाऊ, सगळा डेटा एका जागी, सगळं एकमेकांशी बोलणारं. सादरीकरणात बाणांनी जोडलेले रंगीत चौकोन असतात. १९७९च्या त्या सभेपासून काढलेलं हे बहुधा तेच चित्र आहे, फक्त रंग सुधारलेत. ते पाहताना चौकोनांपेक्षा बाणांबद्दल विचारावं. या बाणावरून जाणारा आकडा कुठल्या एककात आहे? पाठवणाऱ्याने काय गृहीत धरलं होतं, आणि ते घेणाऱ्याला माहीत आहे का? मूळ आकडा उद्या बदलला, तर हा बदलेल का, आणि नाही बदलला तर कुणाच्या लक्षात येईल?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून एखाद्या माणसाचं नाव सांगता आलं, तर तो बाण खरा आहे. त्या माणसाला विचार करायला वेळ दिलेला आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावं.